नारळाच्या मापाचे टोपडे

दिवाळी अंकाचे संपादक स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि तुमच्या कामाविषयी काही लिहून द्या, असे तोंडी म्हणाले. तोंडी विनंतीवर कार्यवाही करण्याची माझी पद्धत नाही. म्हणून तीच विनंती लेखी द्यावी, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी उभ्याउभ्याच एका कागदावर ती लिहिली. तिला विषय नव्हता, आणि शेवटी 'कळावे' लिहून पुढे काही कळवलेले नव्हते. आवश्यक त्या दुरुस्त्या करून ती मी दप्तरी ठेवली आहे. प्रस्तुत लेखन हे त्या विनंतीचे उत्तर समजण्यात यावे.

संपादकांची अपेक्षा अशी की मी अर्जलेखनाविषयी लिहावे. ते स्वाभाविक आहे. परळला एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, भिंतीला लागून माझे टेबल गेली अनेक वर्षे आहे. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवणे, नळाची जोडणी, खोलीचे हस्तांतरण, अडकलेले निवृत्तिवेतन, शेजाऱ्याच्या कोंबड्याविषयी तक्रार, असे सर्व प्रकारचे मसुदे मी करते. माझे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झाले; परंतु माझा अर्ज वाचून 'हा कोणा वकिलाने लिहिला?' असे विचारणारे अधिकारी आजही नोकरीत आहेत. अलीकडे पुष्कळसे अर्ज मोबाईलमधून जातात. मोबाईल माणसाला चौकटी भरावयास सांगतो. 'बसा, काय झाले ते सांगा' असे म्हणत नाही. माझ्या टेबलापुढची रांग त्यामुळे आखूड झाली, याची मला खंत आहे. तथापि त्या खंतीसाठी मी लेखणी उचललेली नाही. दुपारी टेबल आवरून मी जेथे जाते, त्या जागेविषयी मला लिहावयाचे आहे. कारण माझ्या मते माझे खरे काम तेथे चालते.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर पूर्वी तालीम होती. पोरे जिममध्ये जाऊ लागली, तेव्हा ती खोली रिकामी पडली. मी चाळीच्या कमिटीला रीतसर अर्ज केला आणि ती शिवणवर्गासाठी मिळवली. ज्या खुंट्यांना लेझीम टांगत, त्यांना आता टेप, कात्र्या आणि कागदाचे कापलेले नमुने लटकतात. खोलीत पायाने चालवायची यंत्रे आहेत, बेतण्यासाठी लांब फळी आहे, आणि माझी खुर्ची आहे, जिच्यावर दुसरे कोणी बसत नाही. शिवणाची विद्या आईची. ती घरी बसून एका दुकानाचे लेंगे शिवीत असे आणि मी तिच्या यंत्राच्या पायथ्याशी बसून उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करीत असे. आजही मनात काही खुपत असले, की मी चिंध्यांचे गाठोडे सोडून बसते. त्यातून तोरण होते, बटवा होतो, पायपुसणे होते. आणि ते होईतो खुपणारे काय होते, याचा मला विसर पडतो. फाटकाबाहेरच्या माझ्या खुर्चीवरील गादी अशाच तुकड्यांची आहे. एका मोठ्या साहेबांनी ती कोठे मिळते, म्हणून चौकशी केली होती. मिळत नाही, असे मी त्यांना उत्तर दिले.

बाहेरच्या माणसाला वाटते की शिवणे म्हणजे यंत्र चालवणे. वस्तुतः यंत्र चालवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. अवघड आहे ते बेतणे. कपडा हा एक अर्जच असतो, असे मी पहिल्या दिवशी सांगते. तो कोणासाठी आहे, त्याची मागणी काय आहे आणि मुळात कापड किती आहे, हे ठरल्याखेरीज कात्री लावावयाची नाही. कारण चुकीचा शब्द खोडता येतो, चुकीचा काप खोडता येत नाही. हे ऐकून सर्व जणी माना डोलावतात आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापते. गिरगावच्या एका बाईंनी तर यजमानांच्या सदऱ्याला तशा बाह्या जोडून तो त्यांना घालावयासही लावला. त्यांचे यजमान एवढे सोशिक, की दिवसभर तिरके चालले, परंतु बोलले नाहीत.

वर्ग बायकांचा. नियमात तसे लिहिलेले नव्हते, परंतु पुरुष कधी आला नव्हता. जे एकमेव गृहस्थ आले, ते विश्राम घाडी.

ते प्रथम वर्गात आले नाहीत; माझ्या टेबलाशी आले. सरळ कणा, इस्त्रीचा सदरा, हातांवर जुन्या वंगणाच्या न जाणाऱ्या रेषा. बसच्या डेपोत फिटर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीकडचे. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या पाठीमागे भिंतीवर असलेली निळ्या कोटातली तसबीर पाहिली, आणि क्षणभर थांबून मग बसले. अर्जलेखकाला माणसाचे न लिहिलेलेही वाचावे लागते. मी काही दाखवले नाही.

त्यांना अर्ज करावयाचा होता तो स्वतःच्या मुलीला.

हकिगत त्यांनी खाली मान घालून सांगितली. मनीषा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने नायगावच्या एका मुलाशी लग्न केले. मुलगा बँकेत, निर्व्यसनी, परंतु समाजाने वेगळा. म्हणजे माझ्या समाजाचा. घाडी लग्नाला गेले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र एकट्या जाऊन आल्या. पुढे त्या आजारी पडून वारल्या. अंत्ययात्रा निघाली, तेव्हा जावई खांदा द्यायला पुढे आला आणि घाडींनी सर्वांदेखत त्याचा हात बाजूला केला. मुलगी त्या वेळी एवढेच म्हणाली, की त्याचा खांदा चालत नसेल, तर माझेही तोंड पाहू नका. त्यानंतर तिने फोन उचललेला नव्हता. आता तिला सातवा महिना लागल्याचे त्यांना बाजारात कोणीतरी सांगितले होते. मुलीची सासू शकूताई आणि मी एकाच विहारात जातो, हेही त्यांनी काढून आणले होते. पत्र माझ्या हातचे असावे आणि माझ्या हातूनच जावे, ही त्यांची विनंती.

मी मसुदा केला. तो माझ्या उत्तम मसुद्यांपैकी एक होता, हे मी नम्रपणे नमूद करते. विषय होता, 'अनवधानाने घडलेल्या वर्तनाबाबत दिलगिरी व पितृत्वाचे संबंध पूर्ववत करणेबाबत'. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. घाडींनी शांतपणे ऐकला.

"चांगला लिवलाय," ते म्हणाले. "पण ह्या वाचून मनू म्हणेल, बाबांनी वकील केला."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मला वाईट वाटले, हे नाकारत नाही. त्याच वेळी त्यांची नजर माझ्या टेबलाखालच्या पिशवीवर गेली. वर्गातील एका मुलीने शिवलेले टोपडे मी बंद लावण्यासाठी आणले होते. हे काय, म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले, की बाळंतविडा आहे. झबले, टोपडे, कुंची, दुपटे, बाळासाठी लहान गोधडी. बाळंतिणीला हे माहेरून जाते.

"माहेरचा कोण करता?"

"आई करते. नाहीतर मावशी, वहिनी. बाईमाणूस."

ते बराच वेळ त्या टोपड्याकडे पाहत राहिले. त्यांच्या घरी बाईमाणूस उरले नव्हते. दादरला दुकानात तयार संच मिळतो, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. दुकानातले कोणीही पाठवू शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी मला विचारले, "माका शिकवशात?"

या प्रश्नाला तयार मसुदा माझ्याजवळ नव्हता. मी होय म्हणून बसले.

वर्गात कुजबुज झाली. सर्वांत मोठ्याने मंदा कुजबुजली. मंदा ही शीव कोळीवाड्याची, सकाळी मासळी विकून दुपारी वर्गाला येणारी, स्वतःचे ब्लाउज स्वतः शिवायचे या जिद्दीने आलेली. तिची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू जाते. पुरुष माणसासमोर अंगाची मापे कशी घ्यायची, हा तिचा आक्षेप रास्त होता. मी घाडींना कोपऱ्यातले यंत्र दिले आणि तोंड भिंतीकडे करून बसवले. घाडींनी बसण्याआधी यंत्राला तेल घातले, पट्टा घट्ट केला, शटल काढून पुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता सर्वच यंत्रांचे तसे केले. वर्षानुवर्षे खडखडणारी आमची यंत्रे एकदम गुपचूप चालू लागली, आणि मंदाचा आक्षेपही तिथेच संपला.

विद्यार्थी म्हणून ते कसे होते? त्यांची सुई सरळ चाले, परंतु त्यांचे समाधान होत नसे. डेपोतला माणूस, बिघाड असो वा नसो, सगळे उघडून, पुसून पुन्हा जोडावयाचे, ही त्यांची सवय. शिवणीची रुंदी ते खिशातल्या फिटरच्या कॅलिपरने मोजत आणि केसाएवढा फरक दिसला की टीप उसवीत. उत्तम आहे, असे मी सांगत असे. मी उगाच उत्तम म्हणत नाही, हे वर्गात सर्वांना ठाऊक आहे. घाडी ऐकून घेत आणि उसवीत.

तान्ह्याचे कपडे शिवण्याचे एक वेगळे शास्त्र आहे. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे कोवळ्या अंगाला टोचत नाहीत. बटण लावीत नाहीत, बंद लावतात. आणि पहिले कापड नवे घेत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेली घरातली सुती साडी घेतात. हे सांगितल्यावर घाडी दुसऱ्या दिवशी पत्नीची साडी घेऊन आले. मोतिया रंगाची, बारीक हिरव्या काठाची. ती फळीवर पसरली, खडूने खुणा केल्या, कात्री हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. लोखंड कापण्यात जन्म गेलेल्या माणसाचा हात चालेना. वर्गातली यंत्रे एकेक करून थांबली. दुसरी एखादी जुनी साडी पाहू या, असे मी म्हणणार, एवढ्यात मंदा उठून त्यांच्याजवळ गेली.

"काका, ती आता नेसायला येणार नाय," ती हळू म्हणाली, आणि मंदाला हळू बोलता येते, हे मला त्या दिवशी कळले. "नातवंडाला तरी गुंडालू दे की तिला. कापा."

त्यांनी कापली. नंतर मी सर्वांसाठी चहा केला. तोवर घाडी चहाच्या वेळी काहीतरी निमित्त काढून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात असत. कारण मला समजत होते आणि ते मला समजते हे त्यांना. त्या दिवशी ते बसून राहिले आणि कप पुढे केला. साखर जास्त आहे, अशी तक्रारही केली.

आता टोपड्याकडे येते. टोपड्याला डोक्याचा घेर लागतो, आणि डोके अद्याप जन्माला आले नव्हते. माझ्याकडे अंदाजाचा कागदी नमुना होता, परंतु अंदाज हा शब्द घाडींना मान्य नव्हता. ते एके दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सोललेला नारळ घेऊन आले. मनू जन्मली तेव्हा तिचे डोके त्यांच्या तळहातात एवढेच मावले होते, म्हणे. बाजारातले कित्येक नारळ हातात धरून पाहून त्यांनी तेवढाच निवडला होता. त्या नारळावर टेप धरून त्यांनी टोपडे बेतले. मंदा हसून हसून फळीवर आडवी झाली. "काका, ह्याला डोले हायेत, पन नाक नाय," ती म्हणाली. परंतु टोपडे त्या नारळावर असे बसले, की माझ्या तोंडून आपोआप उत्तम निघाले. हनुवटीखालचे बंद कोठे बांधणार, एवढाच प्रश्न उरला. पुढे कित्येक महिने तो नारळ टोपडे घालून आमच्या फळीवर बसलेला असे, आणि येणारी प्रत्येक जण त्याच्या गालाला हात लावून मग आपल्या यंत्रावर बसे.

घाडींनी ते टोपडे पुन्हा उसवले. काठाची घडी त्यांना एका बाजूला जाड वाटली.

मध्ये गणपती आले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत माणूस शिरला तर त्याला गर्दी नेईल तिकडेच जावे लागते; त्यामुळे वर्ग बंद राहिला. वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा शकूताईंनी विहारात मला बातमी दिली, की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी ती वर्गात सांगितली. घाडींनी यंत्राचे चाक हाताने थांबवले आणि विचारले, की रडली का लगेच. रडली, असे मी सांगितले. वास्तविक मला ते ठाऊक नव्हते. मंदाने स्वतःच्या पैशाचे पेढे आणून वाटले. नारळालाही एक ठेवला.

नामकरणाचे बोलावणे घाडींना आले नाही. येईल, अशी त्यांची अपेक्षा होती असे मला वाटत नाही. तरी त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून वर्गाला आले. संच अद्याप पुरा नव्हता. कुंचीच्या काठाचा गोट तिरका गेला होता. नंतर गोधडीचा एक कोपरा उसवला. आता पाठवा, असे मी त्यांना अनेकदा म्हटले. मला पुढे पुढे असे वाटू लागले, की ते मुद्दाम उसवीत आहेत. जोवर संच पाठवला नाही, तोवर तो परत येण्याची भीती नव्हती.

अखेर एका शनिवारी मीच त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. सर्व वस्तू घडी करून पिशवीत भरल्या, आणि रविवारी विहारात शकूताईंच्या हाती दिल्या. शकूताई समंजस बाई. त्यांनी काही विचारले नाही. केवळ पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

पुढच्या रविवारी पिशवी परत आली.

ती कशी न्यावी, हे मला सुचेना. फाटकाबाहेर मी वाईट बातम्यांची पत्रे रोज लिहिते. परंतु ती कागदावर असतात. सोमवारी मी पिशवी फळीवर ठेवली आणि शकूताईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. सूनबाई म्हणते, होत नाहीत. टोपडे डोक्यावर बसत नाही, झबल्यात हात जात नाहीत. बाळ आता पालथे पडू लागले आहे.

कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आम्ही सर्व जणी मुले वाढवलेल्या बायका; मी तर यात अधिकारी समजली जाते. घाडी नारळ समोर ठेवून टाके मोजीत राहिले, आम्ही कौतुक करीत राहिलो, आणि तिकडे लेकरू वाढत राहिले. नारळ तेवढाच राहिला.

घाडी उठले. कॅलिपर खिशात ठेवला, यंत्रावर कापड झाकले. "परत धाडलान," ते म्हणाले. "बरोबर केलान. मी तिच्या माणसाक परत धाडलंय, तिना माझा परत धाडला. फिटंफाट झाली."

ते दारापर्यंत गेले असतील. मी पिशवीतल्या वस्तू फळीवर मांडीत होते. आलेल्या कागदपत्रांची छाननी करण्याची सवय हाताला असते. टोपडे होते. झबली होती. कुंची होती. मी पुन्हा पिशवीत हात घातला, पिशवी उलटी केली. मंदा माझ्या खांद्यावरून पाहत होती.

"काका," ती म्हणाली. "दुपटं कुठंय?"

दुपटे नव्हते. बाळाची गोधडीही नव्हती. मोतिया साडीचा मोठा भाग त्या दोन वस्तूंत गेला होता, आणि त्या दोन वस्तूंना माप लागत नाही.

मी घाडींना खुर्चीवर बसावयास सांगितले. जवळ माझीच खुर्ची होती. ते तिच्यावर बसले, आणि मी ते चालवून घेतले. मग मी त्यांना समजावले. ज्याला अर्ज नामंजूर करावयाचा असतो, तो पाकीट फोडत नाही. तुमच्या मुलीने पिशवी सोडली. टोपडे बाळाच्या डोक्यावर घालून पाहिले, बंद ओढून पाहिले, झबल्यात हात घालून पाहिले. जे झाले ते ठेवून घेतले. जे झाले नाही, ते दुरुस्तीसाठी परत पाठवले. याला नामंजुरी म्हणत नाहीत. याला त्रुटी म्हणतात.

घाडींनी विचारले, की मग आता मापाचे काय. फोनवर मागता येईल का? किंवा शकूताईंना सांगून डोक्याभोवती दोरा धरून तो पाठवता येईल का? त्यांचा प्रश्न शहाणपणाचा होता. दोऱ्याने माप येते, बऱ्यापैकी येते. आमच्या वर्गात निम्मे ब्लाउज तसेच शिवले जातात.

परंतु मी त्या रविवारी शकूताईंना गाठले आणि माझ्या कचेरीच्या आवाजात सांगितले, की आमच्या वर्गाचा नियम आहे. तान्ह्या मुलांचे माप फोनवर किंवा दोऱ्यावर स्वीकारले जात नाही. मूल समक्ष हजर करावे लागते.

असा नियम तोवर नव्हता. तो त्या क्षणी झाला. शकूताईंनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांनाही ते कळले असावे, कारण त्या हसू दाबून म्हणाल्या, "बाई, नियम म्हणजे नियम. कळवते तिला."

त्यानंतरच्या दुपारी फार मोठ्या गेल्या. घाडी रोज येत, यंत्राला तेल घालीत आणि काही शिवीत नसत. दारात सावली पडली, की सर्व यंत्रे थांबत. कोणी भाजीवाला असे, कोणी कमिटीचा माणूस. मंदाने कोणाला न विचारता फळीवरचा नारळ उचलून घरी नेला आणि आत सुकलेल्या खोबऱ्याची चटणी केली. मला तिचा राग आला, आणि तिने केले ते योग्यच होते.

मग एका दुपारी त्या आल्या. पुढे शकूताई, मागे मनीषा, कडेवर मुलगी. आणि दाराबाहेर, चपला काढाव्यात की नाही अशा विचारात, तिचा नवरा. उंच, चष्मा लावलेला, हातात बाळाची पिशवी.

कोणी कोणाला या म्हटले नाही. मनीषा माझ्याकडे पाहून म्हणाली, की माप द्यायला आलेय. बापाकडे तिने पाहिले नाही. बाळ मात्र सर्वांकडे पाहत होते, विशेषतः भिंतीवरच्या टेपांकडे. मी माझ्या खुर्चीवरची गादी काढून फळीवर घातली. मनीषाने बाळाला तिच्यावर ठेवले. घाडींनी गळ्यातला टेप काढला.

टेप डोक्याभोवती नेला, की बाळ मान फिरवी आणि टेप घसरे. पुन्हा नेला, बाळाने तो पकडून तोंडात घातला. ज्यांनी माप घेतले आहे, त्यांना ठाऊक असेल, की एवढ्या मुलाचे माप एकट्याने घेता येत नाही. एकाने डोके धरावे लागते, दुसऱ्याने टेप. धरावयास मनीषा जवळ होती, शकूताई होत्या, मी होते, मंदा तर हात पुसून तयारच होती.

घाडींनी मान वर केली आणि दाराकडे पाहिले.

"जावईबापू," ते म्हणाले. "जरा आत या. तुम्ही डोकं धरा. तुमच्या हाताची सवय आसतली तिका."

तो चपला काढून आत आला. फळीपाशी गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही तळहातांत मुलीचे डोके धरले. ती स्थिर झाली. घाडींचा टेप त्याच्या बोटांवरून गेला. त्यांनी घेर वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मोठ्याने सांगितला. मी खडूने फळीवरच लिहून घेतला.

"थोडं वाढवून धरा, बाबा," मनीषा म्हणाली. बापाकडे न पाहताच म्हणाली. "लवकर वाढते ती."

"वाढवून कित्याक?" घाडी टेप गुंडाळत म्हणाले. "अंगाबरोबर शिवतंय. घट्ट झाला, की परत घेऊन ये. परत माप घेऊ."

मनीषाने वाकून मुलीच्या अंगातला फ्रॉक काढला, नवऱ्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "छातीचंही घ्या."